समुद्राकाठी कॅमेरा नेताना: माझा अनुभव

दीवजवळच्या फुदम गावात गंगेश्वराच्या पाच पिंडींवर भरतीच्या लाटा येतात. ते दीर्घ एक्सपोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, टिपायला मी ट्रायपॉड थेट पाण्यात रोवला, आणि वडोदऱ्याला आल्यावर दांडिया बाजारातल्या घरी तसाच माळ्यावर टाकला. महिन्याभराने पायांचे आटे फिरेनात. आत मीठ आणि वाळू घट्ट बसली होती.

पाय कोमट पाण्यात भिजवून ठेवले, मग सुटे केले. जुन्या टूथब्रशने आटे घासले, पूर्ण वाळवले, किंचित ग्रीस लावलं. ट्रायपॉड वाचला, पण फार हळहळ वाटली.

पुढच्या वेळी बॅग वेगळी भरली. सर्वांत आधी दोन लिटर गोडं पाणी आणि तीन-चार सुती फडकी. लेन्सवर उडालेलं खारं पाणी सुकलं की मिठाचे कण राहतात. कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे पडतात. म्हणून आधी ओलं फडकं, मग कोरडं. लेन्सच्या समोर यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स जपणारी पारदर्शक काच, हवीच.

लेन्स दोनच घेतल्या, कारण वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर वाळूला आमंत्रण. एसी खोलीतून बाहेर पडल्यावर गार काचेवर दव धरतं, त्यामुळे कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवते आणि पिशवी अर्धा तास आधी बाहेर नेते. ट्रायपॉडचा खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढते. मग आटे पाण्याच्या वर राहतात.