इंजिन काम करून आणलं पण गाडी चालूच होईना, तर आधी हे बघा

बोअर मारला, रिंगा नव्या टाकल्या, हेडला नवीन पॅकिंग, एवढा सगळा खर्च झाला आणि सेल्फ मारला की गाडी नुसती फिरतीय पण पकडंना. जालन्यात माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं असंच झालं होतं, तीन दिवस गेले. चालती गाडी बंद पडली तर काहीतरी खराब झालेलं असतं, पण काम करून आणलेल्या इंजिनात बहुतेक वेळा पार्ट खराब नसतो, बसवताना काहीतरी चुकलेलं असतं, म्हणून लगेच कार्बोरेटर खोलत बसू नका.

सेल्फ जोरात फिरतो का ते बघा. मंद फिरत असेल तर इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी लावली का बघा, इंजिन उतरवताना काढतात आणि परत लावायची राहून जाते. सेल्फ १० सेकंदाच्या वर धरू नका, मधी एक मिनिट थांबा.

मग करंट. प्लग काढा, वायरला लावून बॉडीला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, पण पेट्रोल सांडलेल्या जागेपासून लांब. निळा, कडकड आवाज करणारा करंट पाहिजे. पिवळा नायतर नसलाच तर डेलकोची, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप उघडा. आतल्या नवीन पॉइंटावर (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) कंपनीचा तेलकट थर असतो, तो पुसल्याशिवाय करंट येत नाही, आणि गॅप फिलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा.

करंट चांगला आहे, पेट्रोल येतंय, आणि तरी कार्बोरेटरमधून फाट फाट उलटा भडका येतोय? इथंच आमचे तीन दिवस गेले. चूक टायमिंगची होती. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची टायमिंगची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, त्यातली एकच खरी. एक नंबरचा, म्हणजे रेडिएटरकडचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवा, हवा बोटाला ढकलायला लागली आणि खूण जुळली की थांबा. खात्री करायची तर टॅपेट कव्हर काढा, एक नंबरच्या दोन्ही रॉकरला (वॉल्व दाबणाऱ्या दांड्यांना) ढिल पाहिजे आणि त्याच वेळी चार नंबरचे वॉल्व हलायच्या बेतात पाहिजेत. आता डेलकोत फिरणाऱ्या रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडंच पाहिजे. आमचं बरोबर चार नंबरकडं होतं, म्हणजे डेलको अर्धा फेरा उलटा बसला होता. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, त्यामुळं डेलको न काढता कॅपवर १ आणि ४ ची, २ आणि ३ ची वायर अदलाबदल केली तरी काम होतं. मारुती ८०० ला तीन सिलेंडर, तिथं १-३-२, हा उपाय तिथं चालत नाही, डेलको काढूनच बसवावा लागतो.

पेट्रोलचं सांगायचं तर एसी पंपाखालचं (टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप) पॅकिंग जाड टाकलं की पंपाचा दांडा कॅमला नीट लागत नाही आणि पंप ओढतच नाही. त्यात आता पेट्रोलमधी इथेनॉल, जुन्या रबराच्या नळ्या आणि डायफ्राम लवकर खराब होतात, ते नवीनच टाका. कार्बोरेटरमधी चमचाभर पेट्रोल टाकून बघता येतं पण टाकल्यावर तोंड कार्बोरेटरच्या वर नेऊ नका, भडका आला तर डोळे जातील. प्लग ओले निघाले, पेट्रोलचा वास आला तर उलट जास्त चाललंय, चोक लावलेला असेल तर काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा.

एवढं करूनही नाही झालं तर कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलेंडर शून्याजवळ दाखवत असेल तर बहुतेक तिथले टॅपेट टाईट केलेत, वॉल्व बसत नाही, गाडीच्या पुस्तकातली गॅप बघून परत लावा.

चालू झाली की पहिल्या काही सेकंदात ऑइलचा दिवा विझायला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. इंजिन थंड झाल्यावर पाणी परत भरा, आणि हेडचे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्यानं बघून घ्या.