मार्किंग बरोबर, फ्लॅप तोकडा

प्लास्टिक सर्जरीत नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. एमबीबीएस, एमएस, मग तीन वर्षांचं एमसीएच, हा रस्ता तुम्हाला माहीतच असेल. कातडी आकसते हेही पुस्तकात वाचलेलं असतं. पण टेबलावर ती आपल्यासमोर आकसते तेव्हा घाम फुटतो.

माझी पहिली फजिती नाशिकचीच. अंबड एमआयडीसीत प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला तरुण. हाताच्या पाठीची कातडी गेलेली, टेंडन उघडे. जांघेतला फ्लॅप, म्हणजे मुळाशी रक्तपुरवठा चालू ठेवून उचललेला कातडीचा तुकडा, घ्यायचा ठरलं. जखमेचं माप मी सफाई करण्याआधीच घेतलं आणि जांघेवर तंतोतंत तेवढंच मार्किंग केलं. मेलेल्या कडा काढल्यावर जखम मोठी झाली, फ्लॅप उचलल्यावर तो लहान झाला. दोन्हीकडून मार! मी ताणून टाके घातले. टोक पांढरंफटक, रक्तच पोचेना. सर एवढंच म्हणाले, "अगं, आधी ताण काढ." तीन टाके सोडले, रंग परतला, उरलेल्या फटीवर ग्राफ्ट (रक्तवाहिन्यांपासून पूर्ण सुटी करून काढलेली कातडी) लावला.

माझी आई ब्लाउज शिवायची. कोरं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय ती कात्री लावत नसे, कारण ते आटतं. कातडीला मात्र पाणी लागत नाही, नुसती सुरी लागते. अंगावर ती कायम थोड्या ताणात असते. कापली की आतले लवचिक धागे तिला आत ओढतात. त्याच कारणाने जखम फाकते. तरुण कातडी जास्त ओढली जाते, म्हाताऱ्या सैल कातडीत हा त्रास कमी.

हे झालं लगेचचं आकसणं. दुसरं, जखम भरताना होणारं, हळू आणि जास्त चिवट. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो: पूर्ण जाडीचा ग्राफ्ट काढल्याबरोबर सुमारे ४० टक्के आकसतो, पण पुढे टिकून राहतो, पातळ ग्राफ्ट सुरुवातीला कमी आणि नंतर खूप. फ्लॅप नंतर फारसा आकसत नाही, मात्र त्याची खालची बाजू उघडी राहिली तर आकसतो. म्हणून नाक करताना आतलं अस्तर विसरलात तर काही महिन्यांत नाक वर ओढलं जातं. (शूर्पणखेच्या गावात बसून नाकावर बोलायचं म्हणजे गंमतच.)

नाकावरून आठवलं. १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये छापून आलेलं, नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं ऑपरेशन आपल्या पुण्याकडचं. त्याचं नवं नाक करणाऱ्या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून रेघ मारली. आपण मेणाऐवजी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची फॉइल नाहीतर ग्लोव्हजचा कागद वापरतो. माप जखम पूर्ण साफ केल्यावर, आखडलेला सांधा असेल तर तो सोडवल्यावर घ्यायचं, आणि फ्लॅप त्याहून थोडा मोठा आखायचा. फ्लॅप वळवायचा असेल तर गॉजची पट्टी मुळाशी धरून जखमेपर्यंत वळवून बघा. वळताना लांबी खाल्ली जाते, ती सरळ मोजपट्टीवर दिसत नाही.

तो तरुण तीन आठवडे हात जांघेला शिवलेला घेऊन वॉर्डात होता, मग फ्लॅप सुटा केला. पुढे तपासणीला आला तेव्हा मूठ जवळजवळ पूर्ण मिटत होती. मनगटाजवळ तेवढा एक काळसर चट्टा, माझं मार्किंग कमी पडलेल्या जागी.