बारीक चौकडीचा शर्ट कॅमेऱ्यापुढे येतो तेव्हा

लग्नाच्या चित्रीकरणात वधूवरांचे कपडे सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतो तो मामांचा बारीक चौकडीचा शर्ट. लातूरच्या एका मंगल कार्यालयात अशाच शर्टाचे चित्रीकरण मी निर्धास्तपणे केले आणि घरी संगणकावर फाइल उघडली, तेव्हा मामांच्या छातीवर हिरव्या-जांभळ्या लाटा उठलेल्या दिसल्या. ते आहेर घ्यायला वाकले की त्या लाटा खांद्याकडे सरकत होत्या. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांतले काहीही दिसले नव्हते.

या दोषाला मॉयरे म्हणतात. पाण्यावरच्या लहरींसारखी झाक असलेल्या रेशमी कापडाचे हे फ्रेंच नाव आहे, म्हणजे शब्दही कापडाच्याच धंद्यातला. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की कोणत्याच पदरात नसलेली नक्षी डोळ्यांपुढे उभी राहते. तसेच इथे कापडावरच्या रेघांची जाळी आणि सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरच्या, पिक्सेलांची जाळी एकमेकींवर येतात. पिक्सेलांच्या आवाक्याबाहेरचा बारकावा खोट्या, जाड रेघांच्या रूपाने नोंदला जाणे म्हणजे एलियासिंग, आणि तिरक्या काठावर दिसणारे करवतीसारखे दातेही त्याचेच. रंग कुठून येतात, तर बहुतेक सेन्सरांवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो, त्यामुळे लाल आणि निळ्याची नोंद विरळ होते व तिथेच गफलत आधी होते.

उपाय शोधण्यापूर्वी साधा हिशेब करावा. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचे अंतर २ मिलिमीटर आहे आणि फ्रेममध्ये २ मीटर रुंदीचे दृश्य मावते आहे असे धरा. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात प्रत्येक मिलिमीटरला जेमतेम एक पिक्सेल येतो, म्हणजे रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून दोनच. रेघा खऱ्या नोंदल्या जायच्या तर नियमाप्रमाणे दोनाहून जास्त हवेत. रंगांची विरळ नोंद लक्षात घेता मी किमान चार धरतो. पुढे सरकून किंवा झूम करून दृश्य १ मीटरवर आणले की चार मिळतात आणि लाटा बहुधा विरतात. उलट, खूप मागे गेल्यावर रेघा लेन्सलाच वेगळ्या दिसेनाशा होऊन शर्ट एकरंगी भासतो, तोही मार्ग चालतो. अडचण होते ती मधल्या पट्ट्यात, आणि आपण नेमके तिथेच तिपाई रोवतो. म्हणून जागा बदलणे हा माझ्या मते पहिला उपाय आहे. तो फुकटही आहे.

मुलाखतीत जागा बदलता येत नसेल, तर लेन्सचे छिद्र मोठे उघडून फोकस डोळ्यांवर ठेवावा, म्हणजे छाती किंचित धूसर होते आणि चेहरा मात्र रेखीव राहतो. कॅमेऱ्यातील शार्पनेस कमी करून लाटा जात नाहीत, कारण त्या त्याआधीच तयार झालेल्या असतात. पण त्या भडक होत नाहीत, एवढा लाभ पदरात पडतो. चित्रीकरणाचा प्रकारही तपासावा. २००८ सालचा कॅनन ५डी मार्क २ हा कॅमेरा व्हिडिओसाठी सेन्सरवरच्या ओळी गाळत असे, त्यामुळे त्याचा मॉयरे कुप्रसिद्ध झाला. आजही अनेक कॅमेरे संथगतीच्या चित्रणासाठी ओळी गाळतात. तेव्हा वरातीतले फेटे संथगतीत घ्यायचे असतील तर आधी चाचणी घ्यावी. चाचणीत चित्र शंभर टक्के मोठे करून पाहावे आणि कॅमेरा हळूच डावीउजवीकडे फिरवावा. खोटी नक्षी कापडाबरोबर न हलता आपल्याच वेगाने पळते.

कपड्यांविषयी घरच्यांशी आधीच बोलून घ्यावे. हिमरू शालीची ठळक वेलबुट्टी कॅमेऱ्यापुढे निमूट राहते. पैठणीचा काठ सहसा ठीक दिसतो, पण दाट जरीवर मध्यम अंतरावरून कॅमेरा फिरवला की ती चमचम करते. बारीक चौकडीची इरकल नेसलेल्या आजींना लुगडे बदला असे म्हणणे मला पटत नाही. तिथे कॅमेऱ्यानेच दोन पावले पुढे जावे. मामांना मात्र वरून जाकीट घाला म्हणता येते.

चुकून दोष राहिलाच, तर एडिटिंगमध्ये त्याचा फक्त रंगाचा भाग आटोक्यात येतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शर्टाभोवती मास्क, म्हणजे तेवढाच भाग निवडणारी आखणी, काढावा, नोडचा (रंगकामाच्या त्या टप्प्याचा) कलर स्पेस उजेड आणि रंग वेगळे ठेवणारा वाययूव्ही करावा, पहिले म्हणजे उजेडाचे चॅनेल बंद करावे आणि मग ब्लर देऊन रंग धूसर करावा. पोत शाबूत राहून हिरवा-जांभळा रंग फिका पडतो. उजेड-अंधाराच्या पट्ट्या मात्र तशाच राहतात, कारण खाली दडलेली खरी नक्षी नोंदलीच गेलेली नसते. शेवटी, ४के मध्ये निर्दोष दिसणारी चौकडी व्हॉट्सॲपसाठी लहान फाइल करताना पुन्हा बिघडू शकते. म्हणून आकार घटवण्यापूर्वी त्या भागाला अगदी हलका ब्लर द्यावा आणि तयार फाइल मोबाइलवरच एकदा पाहून मग पाहुण्यांना पाठवावी.