पद्मिनीच्या टाकीतला खुळखुळा

काकांची 1983 ची प्रीमियर पद्मिनी खानापूरला पडवीत सात पावसाळे उभी होती. सुरू झाली, पण दर दोन-तीन किलोमीटरला खोकत बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा तयार. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) तीनदा खोलला, उगाच! खरा दोष टाकीत होता: गंजाचा चुरा टाकीतल्या नळीच्या तोंडाशी जमायचा, गाडी थांबली की खाली बसायचा. टाकी उतरवली, पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुतली, व्हिनेगर आणि मूठभर नट घालून दोन दिवस हलवली. आई म्हणाली, "झालं का रे खुळखुळा वाजवून?" मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवली, नाहीतर परत गंज. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाआधी पारदर्शक फिल्टर घातला. स्टिअरिंगखालच्या गिअरदांड्याचं ढिलं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर पितळेचं करून घेतलं. माझी हौस म्हणाल तर एकच: सीटना इरकली खणाची कव्हरं.