काटा, बिल्ला आणि वही: शेळ्या-मेंढ्यांची विक्री संस्था बदलत्या बाजारात कशी चालवावी

मी हातकणंगले तालुक्यातल्या एका शेळी-मेंढी विक्री संस्थेची सचिव आहे. त्याआधी नऊ वर्षं गावच्या दूध संस्थेत पहाटे माप घ्यायला बसत होते. आमच्या जिल्ह्यात गोकुळ १९६३ पासून आहे. फॅट किती लागलं त्यावर दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल खात्यावर येतं, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्याच गोठ्याच्या कोपऱ्यातला बोकड विकायची वेळ आली की सगळं उलटं. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी-दलाल, येतो, बोकडाच्या कण्यावरून हात फिरवतो, मांडी चाचपतो, रुमालाखाली बोटं धरतो आणि आकडा ठरतो. वर्षभर सांभाळलेलं जनावर पाच मिनिटांत अंदाजानं जातं. दुधाला जे कळलं ते शेरडाला का नको, एवढ्या एका प्रश्नावर आमची संस्था उभी राहिली. आता दुसऱ्या गावांतली मंडळी विचारायला येतात, म्हणून जे केलं आणि जे चुकलं ते लिहिते.

आधी काटा घ्या, ऑफिस नंतर

पहिला पैसा वजनकाट्यावर घाला. जमिनीवर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यावर बसणारा लोखंडी पिंजरा, एवढं पुरतं. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा आणि तो दर वर्षी नवा करून घ्यायला हवा. शिक्का नसला की व्यापारी पहिल्याच दिवशी वजनावर शंका घेतो आणि मग त्याला उत्तर देता येत नाही.

सभासदांना हिशेब तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहून दाखवा. समजा बोकड ३० किलोचा आहे आणि समोरच्यानं अंदाजानं २६ धरला. जिवंत वजनाला किलोमागं ४०० रुपये धरले, तर एका बोकडामागं १,६०० रुपये गेले. फळ्यावरचा हा आकडा बघून आमच्याकडच्या बायका आधी तयार झाल्या, कारण शेरडं त्यांचीच असतात. दुसरा आकडाही शिकवा. जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. दुकानदार मनात हाच हिशेब करत असतो. तो आपल्यालाही येत असला की दर मागताना आवाज खाली जात नाही.

वजन पहाटे, चारा घालायच्या आधी. रात्री चारा काढून घ्यायचा, पाणी तेवढं समोर ठेवायचं. या नियमापायी मला एकदा फार वाईट वाटलं होतं. आमच्या नात्यातले एक मामा दोन मेंढे घेऊन आले. मेंढ्यांची पोटं तटतटलेली, ओठांना मिठाचे पांढरे कण चिकटलेले. मीठ चाटवून पाणी पाजलंय हे कळायला काटा लागत नव्हता. व्यापारी दारात उभा होता. मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, "मामा, आज वजन नको. उद्या पहाटे आणा, मी स्वतः करते." ते काही न बोलता मेंढे घेऊन परत गेले. आठवडाभर आमच्या दारावरून जाताना मान वळवायचे. पण त्या दिवशी वजन केलं असतं, तर पुढच्या खेपेला व्यापाऱ्यानं सगळ्यांच्याच वजनातून दोन-दोन किलो कापले असते. आठ दिवसांनी मामा मेंढे घेऊन आले. त्यांना चहा दिला, वजन केलं, तो विषय पुन्हा काढला नाही. असं काही तुमच्याही संस्थेत होणार. चारचौघांत अपमान करू नका आणि वजनही करू नका.

वही अशी ठेवा की जनावर न दाखवता विकता आलं पाहिजे

जनावराला एक ओळ. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, नर की मादी, जात, दात, शेवटचं वजन आणि त्याची तारीख, आणि लसी: पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची जीवघेणी साथ), आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत. सोबत फोनवर दोन फोटो, एक बाजूनं उभं जनावर आणि एक ओठ वर करून दातांचा, बिल्ला दिसेल असा. दातांचा फोटो नसला तर माणूस समक्ष बघायला येतो, आणि समक्ष आला की पुन्हा कण्यावरून हात फिरतो.

या वहीची पुरती किंमत आम्हाला २०२२ च्या सप्टेंबरात कळली. लम्पी आला आणि जनावरांचे बाजार बंद झाले. लम्पी हा गाई-बैलांचा रोग, शेरडा-मेंढरांचा नव्हे. पण बाजाराचं फाटकच लागलं, मग शेरडं घेऊन जायची कुठं? वडगावच्या बाजारावर ज्यांची सगळी भिस्त होती त्यांची जनावरं दावणीलाच राहिली. चारा विकत, घरात पैसा नाही. आमची वही तेव्हा अर्धीच भरलेली होती. ज्या सभासदांची नोंद पूर्ण होती त्यांची शेरडं मी शहरातल्या मटणवाल्यांना फोनवरून वजन आणि फोटो पाठवून दिली. ज्यांची नव्हती त्यांच्यासाठी काही करता आलं नाही. त्यांत माझी सख्खी जाऊ होती. दिवाळीनंतर मी घरोघरी जाऊन वही पूर्ण केली.

त्याआधी पुरातही तसंच झालं होतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या काठच्या आमच्या सभासदांना रातोरात जनावरं हलवावी लागली. ज्यांची नोंद होती त्यांची किती, कुठल्या शेडात गेली, हे वहीमुळे सांगता आलं. वहीची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा.

विक्रीची तीन दारं आणि सरकत जाणारी ईद

एका बाजारावर आणि एका व्यापाऱ्यावर संस्था उभी करू नका. आमची तीन दारं आहेत: आठवड्याचा बाजार, वर्षभर ठरल्या वजनानं घेणारे मटणवाले, आणि पैदाशीसाठी पाठी, म्हणजे तरण्या माद्या, व बोकड नेणारे शेतकरी. पैदाशीचं जनावर किलोवर विकू नका. उस्मानाबादी जातीची पाठ जुळी देणाऱ्या आईची असेल, तर तिची किंमत आईच्या नोंदीत असते, काट्यावर नसते.

कोल्हापुरात मटणाला ग्राहक नाही असं होत नाही, पण दिवस सारखे नसतात. आखाडात, त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहायच्या दिवसांत, दुकानासमोर रांगा लागतात. श्रावण लागला की मागणी एकदम बसते आणि गणपती-नवरात्र सरेपर्यंत पूर्वपदावर येत नाही. उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा, मटणाचा खारा नैवेद्य, पुन्हा तेजी. म्हणून आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं विकायचं की श्रावण सांभाळायचा, हे जूनमध्येच सभासदांशी बसून ठरवा. श्रावणात पैशाची नड असलेल्या घरांना संस्थेनं थोडी उचल द्यावी. नाहीतर ती घरं हेडीच्या हातात जातात.

दर चढला म्हणून हुरळून जाऊ नका. २०१९ च्या शेवटी मटण महागलं म्हणून कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. त्या दिवसांत आम्ही मटणवाल्यांशी भांडत बसलो नाही. तीन महिन्यांचा एकच दर ठरवून दिला. तेजीत थोडं सोडलं, पण श्रावणात त्याच दुकानांनी आमचा माल घेतला.

ईदेचं गणित मात्र पुष्कळ संस्थांचं चुकतं. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, गिऱ्हाईक दोन पक्के दात आलेत का बघून घेतं आणि अंगानं भरलेला मागतं, म्हणजे साधारण १५ महिन्यांचा धरा. शेळी पाच महिने गाभण राहते. तर बोकड कुठल्या ईदेला जाणार हे ईदेच्या आधी २० महिने, शेळी बोकडाला दाखवतानाच ठरतं. आमचे जुने लोक ठरल्या महिन्यात शेळी दाखवायचे. ईद सरकत गेली आणि एका वर्षी आमचे निम्मे बोकड अदंत, म्हणजे पक्के दात न आलेले, राहिले. आता ऑफिसच्या भिंतीवर पुढच्या तीन ईदांच्या अंदाजे तारखा आणि त्यातून मागं मोजलेले महिने लावलेत. बोकडाला ओरखडा, तुटलेलं शिंग, फाटका कान चालत नाही, म्हणून बिल्ला मारतानाच पशुवैद्यकांना सांगून नीट मारून घ्या.

नियम आला की काय करायचं

नियमाचा कागद मिळवा आणि वाचा. फोनवर फिरणाऱ्या निरोपावर एकही निर्णय घेऊ नका. २३ मे २०१७ ला केंद्रानं पशुबाजारांचे नवे नियम काढले, तेव्हा आता जनावर विकायचंच बंद झालं अशी हवा पसरली. घाबरून पडत्या दरात विकणारे मी बघितले. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांना देशभर स्थगिती कायम ठेवली. विकलेली जनावरं थोडीच परत येतात. उलट २०१५ चा राज्याचा कायदा टिकला. गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि संकरित गाईच्या खोंडाला बाजारच राहिला नाही. तेव्हा आमच्या काही सभासदांनी गाय कमी करून म्हैस आणि शेळी वाढवली. एक नियम महिन्या-दोन महिन्यांत थांबला, दुसऱ्यानं गोठा बदलला. आम्ही आता पशुधन विकास अधिकाऱ्यांकडं जाऊन तीन गोष्टी विचारतो: कधीपासून लागू, कुठल्या जनावराला, आणि तपासणार कोण.

बिल्ल्याचं हेच झालं. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्याचा आदेश आला. आमच्याकडं वही असल्यानं कोण राहिलंय ते लगेच कळलं, आणि दवाखान्यातल्या साहेबांना एकाच दिवशी गावात बोलावता आलं. विक्री झाली की सरकारच्या 'भारत पशुधन' या ऑनलाइन नोंदणीवर मालकीची नोंद बदलून घ्यायला विसरू नका.

वाहतुकीत सगळ्यात जास्त चुका होतात. गाडी भरायच्या आधी हौदा टेपनं मोजा. नियमानं शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा लागते, गाई-म्हशीला २ चौरस मीटर. पिकअपचा हौदा समजा २.४ मीटर लांब आणि १.६ रुंद, म्हणजे ३.८४ चौरस मीटर. त्यात १२ शेरडं बसतात, १३ वं नाही. ड्रायव्हर "अजून चार घाला की वहिनी" म्हणतोच. घालू नका. दंड होतो तो होतोच, शिवाय तळाला दबलेलं जनावर मरतं आणि त्याचा पैसा कुणी देत नाही. नर-मादी वेगळे ठेवा. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्य दाखला, बिल्ल्यांची यादी आणि संस्थेची पावती, हे तीन कागद ड्रायव्हरच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत द्या. रस्त्यात गाडी अडवली की आधी कागद पुढं करायचे, वाद घालायचा नाही.

पैसा खात्यावर, मग गाडीला चावी

चौथ्या वर्षी बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं मोठा लॉट उचलला आणि दिलेला चेक परत आला. बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळलं. नोटीस कशीबशी वेळेत गेली, पण पैसे यायला दोन वर्षं लागली. तोवर सभासदांना तोंड मी दिलं. तेव्हापासून निम्मी रक्कम वजनाच्या आदल्या दिवशी आणि उरलेली गाडी हलायच्या आधी, बँकेतूनच. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला सांगा, दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकराच्या कायद्यातच बसत नाही.

पोटनियम वेळेत बदला. आमच्या पोटनियमांत 'सभासदांच्या जनावरांची बाजारात विक्री' एवढंच होतं. मटणवाल्यांशी वार्षिक करार आणि जिल्ह्याबाहेर विक्री त्यात बसेना, लेखापरीक्षणात शेरा आला. दुरुस्ती सभेत मंजूर करून निबंधकांकडून मान्य व्हायला वेळ जातो. म्हणून नवं दार उघडायच्या आधीच्या वार्षिक सभेत विषय घ्या. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत असतेच.

शेवटची अडचण आपल्याच माणसांची. बाहेर किलोला दहा रुपये जास्त मिळाले की सभासद तिकडं वळतो. त्याला दंड लावून उपयोग होत नाही, आम्ही लावून बघितलाय. दूध संस्था दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दरावर वाढीव पैसे, देते, तसाच आम्ही शेरडांना सुरू केला. वर्षभरात संस्थेतून किती किलो दिलं त्या प्रमाणात. वाटप सभेतच, नाव आणि किलो मोठ्यानं वाचून करा. ज्यांनी बाहेर विकलं त्यांचंही नाव वाचा, जेवढे किलो असतील तेवढे. मागच्या दिवाळीत आमच्या यादीत एक नाव शून्य किलोचं होतं. कार्तिकातल्या पहिल्याच वजनाला ते घर सात शेरडं घेऊन पहाटे साडेपाचला फाटकाशी उभं होतं.