पाखरांसाठी दाण्याचा पट्टा: सोलापूरच्या रानात माती कशी तयार कराल

सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला कडेच्या ज्वारीत काळविटं चरताना दिसतात. त्यांच्यासाठी आणि लावा-तित्तरांसाठी दाण्याचं पीक पेरून रानाचा एखादा कोपरा सोडायचा असेल, तर आधी जागा बघा.

कुसळी गवताचा माळ मात्र मोडू नका. आपल्याला तो पडीक दिसतो, पण पाखरांचं घर तेच आहे. पूर्वी पीक घेतलेलं, आता पडून असलेलं स्वतःचं 5 गुंठे रान पुरे. ते रस्त्यापासून आणि बिनकठड्याच्या विहिरीपासून लांब हवं. शेजाऱ्याशीही आधी बोलून घ्या. काळवीट बांध ओळखत नाही.

मग पहार ठोकून माती किती खोल आहे ते बघा. वीतभरावर मुरूम लागला तर नांगर घालू नका. मुरूम वर येतो आणि होती ती मातीही गाडली जाते. अशा रानाला कुळवाच्या, म्हणजे वरवर माती हलवणाऱ्या औताच्या, दोन पाळ्या बास. भारी काळी असेल तर एप्रिल-मेमध्ये नांगरट करा, ढेकळं उन्हात तापू द्या, हराळीच्या काशा वेचून बांधावर वाळवा.

पाळी घालण्याआधी रान एकदा पायी फिरा. टिटवी उघड्यावरच, खड्यांच्या बैठकीत बहुधा चार अंडी घालते. मातकट रंग, वर काळे ठिपके. पायाशी आली तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की थांबा आणि तेवढा तुकडा सोडून औत फिरवा.

माती परीक्षणासाठी आठ-दहा ठिकाणी 20 सेंमी खोल खड्डे घेऊन कडेची माती खरवडा, एकत्र करा, अर्धा किलो सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्या. बांधाजवळची किंवा उकिरड्याची माती घेऊ नका. परदेशी माहितीत हमखास चुना टाकायला सांगतात. तो आंबट जमिनीचा उपाय आहे. आपल्या चुनखडीच्या रानात त्यानं पीक पिवळं पडेल.

शेवटच्या पाळीआधी गुंठ्याला साधारण 50 किलो कुजलेलं शेणखत पसरा. ओलं शेण टाकलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही घरी बोलावाल.

आता पाणी. इथला पाऊस लहरी, म्हणून रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळ्यातच उताराला आडवे छोटे बंदिस्त वाफे करा. पडलेलं जागीच मुरतं. हलक्या रानात त्या भानगडीत न पडता मृगाच्या पावसावर बाजरी-मटकी टाका.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर पेरा, नुसताच चपटा झाला तर दोन दिवस थांबा. दुकानातलं औषध लावलेलं रंगीत बियाणं मात्र नको. उघडं पडलेलं पाखरं टिपतात. घरच्या कणगीतली ज्वारी घ्या, गुंठ्याला 100 ग्रॅम.