अनोळखी मेल कोणाचा, हे शोधायचं कसं

सेलूच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये, पेरणीच्या ऐन घाईत, एक मामा मोबाइलवर आलेला मेल पुढं करत म्हणाले, "बाई, पंप मंजूर झालाय. ५,६०० रुपये आजच भरा म्हणायलेत." वर अशोकस्तंभ, पाठवणाऱ्याच्या जागी सरकारी खात्याचं नाव. मामांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत खुल्या गटाच्या शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो.

अशा मेलला उत्तर देऊ नका, लिंक दाबू नका. आधी नावावर बोट ठेवून मागचा पूर्ण पत्ता बघा. नाव कुणालाही काहीही टाकता येतं. मामांच्या मेलमागं साधा जीमेलचा पत्ता निघाला. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. केंद्राचा असो की राज्याचा, सरकारी पत्ता बहुतेक वेळा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'वर संपतो. 'गव्ह' मधेच कुठं घुसवलेलं असेल तर ते धरायचं नाही. इंग्रजीतले छोटे 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम'सारखे दिसतात, तेही निरखून बघा.

मग तोच मेल कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उघडा. उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल कुठून निघाला ते तपासणाऱ्या तीन चाचण्यांपुढं 'पास' की 'फेल' ते दिसतं. फेल असेल तर सावध व्हा. पण पास म्हणजे माणूस खरा, असं मुळीच नाही. मेल त्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या '@'नंतरच्या नावावरून निघाला, एवढंच त्यातून कळतं, आणि ठगानं स्वतःचं डोमेन विकत घेतलं तर त्याचंही पास येतं. 'रिप्लाय-टू' बघा. उत्तर भलत्याच पत्त्यावर जाणार असेल तर काहीतरी गडबड आहे. जीमेलवरून पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मात्र तिथं सापडत नाही, त्यात वेळ घालवू नका.

पत्ता जीमेलसारखा फुकटातला नसेल तर त्याचं डोमेन 'हूइज' या डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेत टाका. मालकाचं नाव २०१८ पासून बहुधा झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख दिसते. जुनं सरकारी खातं म्हणवणाऱ्याचं डोमेन दोन आठवड्यांपूर्वीचं असेल, तर आणखी काय बघायचं?

पत्ता अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. नंतर '@'च्या आधीचा भाग वेगळा शोधा. माणसं तेच टोपणनाव जागोजागी वापरतात.

मला सगळ्यात उपयोगी पडतो तो मेलमधला बँकेचा खातेक्रमांक आणि त्यासोबतचा आयएफएससी कोड. हा कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. मामांच्या मेलमधली शाखा निघाली परराज्यातली आणि खातं कुणाच्या तरी व्यक्तिगत नावाचं. महावितरणच्या संकेतस्थळावर त्यांचा खरा अर्ज बघितला, तो अजून छाननीत होता. मामांनी पैसे परत कोपरीच्या खिशात ठेवले.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. नाव सापडलं म्हणून लगेच फोन करून शिव्या देऊ नका, व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा असाच शोध घेता घेता आम्ही एका शिक्षकापर्यंत पोचलो होतो. सोबतचा मुलगा तावातावानं नंबर फिरवायला निघाला. मी थांबवलं. नंतर कळलं, त्या सरांचंच मेलचं खातं चोरीला गेलं होतं आणि तेच बिचारे आठवडाभर लोकांना समजावत होते. 'पासवर्ड विसरलो' दाबून दुसऱ्याच्या मोबाइलचे शेवटचे आकडे काढायची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नका, ते दुसऱ्याच्या खात्यात हात घालणंच आहे.

खरा माणूस शोधायचं काम पोलिसांचं. मेल कंपनीकडून नोंदी त्यांनाच मागवता येतात. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले असतील तर त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन लावा, संध्याकाळची वाट बघू नका. मेल पुसू नका. नुसता फॉरवर्ड केला तर आतली मूळ नोंद गळते, म्हणून 'शो ओरिजिनल'च्या पानावरून फाइल डाउनलोड करा आणि पेनड्राइव्हवर घालून ठाण्यात न्या.